प्लिमथला थँक्सगिव्हिंगचं जेवण: रिव्ह्यू, सासूबाईंच्या व्हेज ताटासकट

साडेचार स्टार देतेय. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. सतरा वर्षं झाली आम्हाला अमेरिकेत, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणाच्या दिवशी लोकांच्या घरी जेवायच्या आधी प्रार्थना झालेली खूपदा पाहिलीय, पण हॉटेलात, अनोळखी माणसांनी भरलेला अख्खा हॉल उठून उभा राहिला आणि मान खाली घालून देवाचे आभार मानले हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्यासाठीच एवढं लांबलचक लिहितेय.

हॉटेलचं नाव देत नाही कारण दोन तक्रारीसुद्धा आहेत आणि जागा छोटी, घरगुती आहे, एका कुटुंबाची. मॅसॅच्युसेट्समधलं प्लिमथ गाव, वॉटर स्ट्रीटपासून चालत पाच मिनिटांवर. आणि हेही आधीच सांगून टाकते की आम्ही दोघंही कॉन्झर्व्हेटिव्ह विचारांचे, मत रिपब्लिकनांना देतो, देव, कुटुंब, स्वतःच्या कष्टाची कमाई आणि हा देश यांच्याबद्दल आम्हाला मनापासून वाटतं, तर पुढचं त्याच नजरेतून लिहिलेलं आहे.

यावर्षी घरी टर्की करायची नाही हे आधीच ठरलं होतं. मुलगी कॉलेजमधून चार दिवसांसाठी येणार, मुलगा अकरा वर्षांचा, शाळेत पिलग्रिम लोकांचं (1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजाने इथे येऊन वसलेले इंग्रज) शिकून झालेलं, सासूबाई आमच्याकडेच असतात, म्हटलं जिथे हे सगळं सुरू झालं तिथेच जाऊ या. न्यू जर्सीहून बुधवारी दुपारी निघालो ती मात्र चूक झाली, आय-95 वर कनेक्टिकटमध्ये गाड्या नुसत्या उभ्या, एरवी पाच तासांत होणारा रस्ता साडेआठ तास लागला. तुम्ही जाणार असाल तर मंगळवारी रात्री नाहीतर गुरुवारी पहाटे निघा.

गुरुवारी सकाळी आधी गाव फिरलो. प्लिमथ रॉक, म्हणजे पिलग्रिम लोक जिथे उतरले असं सांगतात तो दगड, बघून बरेच लोक नाराज होतात कारण तो खरंच लहान आहे, खड्ड्यात ठेवल्यासारखा, वर खांबांचा मंडप, दगडावर 1620 कोरलेलं, मधे सांधल्याची रेघ दिसते कारण 1774 मध्ये हलवताना त्याचे दोन तुकडे झाले होते. मला तो आवडला. मोठा असता तर काय फरक पडला असता? दहा वाजता जुन्या वेषातल्या लोकांची मिरवणूक निघते, पहिल्या हिवाळ्यातून वाचलेल्या एकेका माणसाच्या नावाने एकेक जण चालतो, ढोल वाजतो, बाकी गडबड काही नाही, मग वर टेकडीवर जाऊन प्रार्थना. किती थोडे लोक असतात त्या रांगेत! मेफ्लॉवरवर 102 प्रवासी होते आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले, हा आकडा शाळेत मुलाच्या वहीत मी स्वतः तपासलाय, पण ती रांग डोळ्यासमोरून दोन मिनिटांत संपते तेव्हा तो आकडा कळतो. लग्न झालेल्या बायकांपैकी 1621 च्या शरद ऋतूपर्यंत फक्त चार राहिल्या होत्या. त्या वर्षीच्या सुगीच्या जेवणाला आपल्या पन्नासएक माणसांचा स्वयंपाक त्या चौघींनी आणि हाताशी असलेल्या पोरींनी केला असणार, ह्याचा कोणी विचार करत नाही.

दुपारी बारा वाजता रॉकसमोरच्या कोल्स हिल टेकडीवर दुसरा कार्यक्रम असतो, नॅशनल डे ऑफ मोर्निंग, मूळ रहिवासी लोक 1970 पासून दरवर्षी हा दिवस शोकदिन म्हणून पाळतात. मुलगी म्हणाली आपण थांबू या, थांबलो. सगळं मला पटलं नाही, थँक्सगिव्हिंग साजरंच करू नये हे तर अजिबात नाही, पण ऐकून घ्यायला हवं होतं आणि ऐकलं. प्लिमथ जिथे वसलं तिथे आधी पटुक्सेट नावाचं, वाम्पानोआग ह्या मूळ रहिवासी लोकांचं गाव होतं, ते साथीच्या रोगाने पुरतं रिकामं झालं होतं. तिस्क्वांटम त्याच गावचा. 1614 मध्ये त्याला एका इंग्रज कप्तानाने फसवून पळवलं, स्पेनमध्ये विकलं, तिथून तो इंग्लंडला गेला आणि 1619 मध्ये परत आला तर गावात कोणीच नाही. आणि त्याच माणसाने पुढे ह्या परक्या लोकांना मासे पुरून मका कसा लावायचा ते शिकवलं. सासूबाई हे सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "ज्यांचं गाव गेलं ते रडणारच गं. आणि ज्यांना जेवू घातलं त्यांनी आभार नको का मानायला?" मुलगी आणि मी दोघी गप्प बसलो.

तिथून गाडीने नॅशनल मॉन्युमेंट टु द फोरफादर्स बघायला गेलो, टेकडीवर घरांच्या मधे आहे, 81 फूट उंच, सगळा ग्रॅनाइट, 1889 चा. गर्दी अजिबात नसते, का नसते तेच कळत नाही. मधे उंचावर श्रद्धेची मूर्ती, एका हातात बायबल, दुसरा हात वर आभाळाकडे, आणि खाली चार बाजूंना नीती, कायदा, शिक्षण आणि स्वातंत्र्य बसलेत. म्हणजे श्रद्धा मधे आणि बाकीचं तिच्या आधाराने. मी देवळात जाणारी बाई आहे, चर्चमध्ये नाही, पण ही मांडणी मला लगेच समजली.

आता जेवण.

दोनच पंगती असतात, बारा आणि अडीच. आम्ही अडीचच्या. आत गेल्या गेल्या दारापाशी एक छोटं गोल टेबल दिसतं, एकाच माणसासाठी मांडलेलं, पांढरा टेबलक्लॉथ, एक लाल गुलाब, प्लेटमध्ये लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, ग्लास पालथा, खुर्ची रिकामी. मुलाला वाटलं कोणाचं तरी रिझर्व्हेशन आहे. ते युद्धात हरवलेल्या आणि कैदेतून परत न आलेल्या सैनिकांसाठी असतं, लिंबू म्हणजे त्यांच्या नशिबी आलेला कडवटपणा, मीठ म्हणजे घरच्यांचे अश्रू, ग्लास पालथा कारण त्यांना आपल्याबरोबर प्यायला येता येत नाही. हे त्याला वेट्रेसने सांगितलं, खाली वाकून, नीट, घाई न करता. आमच्या शेजारच्यांचा मुलगा नेव्हीत आहे, सध्या समुद्रावर, आमचा मुलगा त्याला दादाच म्हणतो. तो बराच वेळ तिथून हलला नाही.

टेबलावर प्रत्येकाच्या प्लेटमध्ये मक्याचे पाच वाळलेले दाणे ठेवलेले. गोष्ट अशी सांगतात की दुष्काळाच्या दिवसात माणशी पाचच दाणे वाट्याला यायचे. त्या काळच्या कागदपत्रांत ह्याला आधार नाही, ही नंतरची आख्यायिका आहे, आणि हे त्यांनी दाण्यांशेजारच्या कार्डावर प्रामाणिकपणे छापलंय ह्याचा मला फार आनंद झाला. पद्धत अशी की एकेक दाणा मधल्या वाटीत टाकायचा आणि एकेका गोष्टीचे आभार मानायचे.

मग मालक उभे राहिले. सत्तरीच्या पुढचे, स्वतः नेव्हीत होते म्हणे. माईक नाही, भाषण नाही. म्हणाले ज्यांना वाटेल त्यांनी उभं राहा, ज्यांना नाही त्यांनी आरामात बसा. आमच्या शेजारच्या टेबलावरचं एक जोडपं बसूनच राहिलं आणि त्यांच्याकडे कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण लोकांना वाटतं अशा ठिकाणी जबरदस्ती असते. प्रार्थना अर्ध्या मिनिटाची. अन्नाबद्दल, ते पिकवणाऱ्या आणि शिजवणाऱ्या हातांबद्दल, जे आज घरापासून लांब ड्युटीवर आहेत त्यांच्याबद्दल, आणि आमचं चुकलं असेल त्याची क्षमा कर. सासूबाईंनी हात जोडले आणि हळू आवाजात स्वतःचा जेवणाआधीचा श्लोक म्हटला. मालकांचं आमेन आणि त्यांचा शेवटचा शब्द एकदमच आला.

मला ह्या दिवसाबद्दल जे कधीपासून सांगायचं होतं ते इथे कळलं मला नीट. आजकाल सगळीकडे म्हणतात कृतज्ञ राहा, डायरीत रोज तीन गोष्टी लिहा, मन शांत होतं वगैरे. होत असेल. पण आभार म्हटलं की ते कोणाचे तरी असतात ना? समोर कोणी नसेल तर आभार मानायचे कसे? पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी 3 ऑक्टोबर 1789 ला घटना आल्यानंतरचं पहिलं राष्ट्रीय थँक्सगिव्हिंग जाहीर केलं त्यात त्यांनी देवाचे उपकार मानायला सांगितलं आणि देशाच्या चुकांची माफीही मागायला सांगितली. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बरोबर त्याच तारखेला, 1863 मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई होऊन तीनच महिने झालेले, माणसं हजारोंनी मेलेली, तेव्हा नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. त्यांच्या जाहीरनाम्यात आहे की युद्धाने नांगर थांबला नाही, माग थांबला नाही, जहाजं थांबली नाहीत, आणि हे माणसाने केलेलं नाही. पुढे विधवा, अनाथ आणि दुःखात असलेल्यांना देवाच्या हवाली करा असंही. दोन्ही जाहीरनाम्यांतले उतारे त्या कार्डावर मागच्या बाजूला होते. दोघांनाही आभार कोणाचे ह्याबद्दल शंका नव्हती. आणि सेरा जोसेफा हेल ह्या बाईंचं नाव तिथे होतं ते बघून बरं वाटलं, एका मासिकाच्या संपादक होत्या, सगळ्या देशाने एकाच दिवशी हा सण करावा म्हणून वर्षानुवर्षं गव्हर्नरांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत राहिल्या, लिंकनना लिहिलं आणि मग झालं.

मुलीने मात्र कार्ड वाचून लगेच मुद्दा काढला, 1621 च्या ज्या जेवणाला सगळे पहिलं थँक्सगिव्हिंग मानतात त्याला पिलग्रिम लोकांनी थँक्सगिव्हिंग म्हटलंच नव्हतं. बरोबर आहे तिचं. ते सुगीचं जेवण होतं, तीन दिवस चाललेलं, वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट आपले नव्वदएक लोक घेऊन आला होता आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली होती, पिलग्रिमांपैकीच एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात एवढं स्पष्ट आहे. ज्या दिवसाला त्यांनी स्वतः आभाराचा दिवस म्हटलं तो आला 1623 मध्ये, आणि मला तीच गोष्ट जास्त जवळची वाटते. आधी सगळी शेती सामाईक होती, पीक एका कोठारात. वसाहतीच्या गव्हर्नर ब्रॅडफर्डने लिहून ठेवलंय की तरुण माणसं कुरकुरायची की दुसऱ्यांच्या बायकापोरांसाठी आम्ही का राबायचं, आणि बायकांना परक्या पुरुषांचे कपडे धुणं, स्वयंपाक करणं म्हणजे गुलामी वाटायची. 1623 च्या वसंतात त्याने प्रत्येक घराला मक्यासाठी आपापला तुकडा दिला तर बायका पोरांना घेऊन आपण होऊन शेतात गेल्या, लागवड कितीतरी वाढली. आमच्या कॉन्झर्व्हेटिव्ह बाजूचे लोक कधीकधी हे आणि 1621 चं जेवण एकत्र करून सांगतात ते चूक आहे, जेवण आधी झालं, तुकडे नंतर मिळाले. पण त्याच उन्हाळ्यात पाऊस गेला, मेपासून जुलैपर्यंत थेंब नाही, एवढ्या कष्टाने लावलेला मका वाळायला लागला. मग सगळ्यांनी एक दिवस प्रार्थनेत घालवला, पाऊस आला आणि त्यानंतर आभाराचा दिवस. म्हणजे बघा, आपल्या तुकड्यात आपण राबायचं हे झालंच पाहिजे, आणि तरी पाऊस आपल्या हातात नाही. आमचं टॅक्स आणि अकाउंटिंगचं छोटं ऑफिस आहे, पहिली तीन वर्षं काय काढली ते आम्हालाच माहीत, आणि तरी मला कोणी विचारलं की हे तुम्ही उभं केलंत ना, तर नुसतं हो म्हणवत नाही.

दाण्यांचं सांगते. मुलाचा पहिला दाणा शेजारच्या दादासाठी. मुलीने पहिला टाकला तिस्क्वांटमच्या नावाने, मला ते आवडलं. नवरा जास्त बोलत नाही, त्याने आईकडे बघून एक टाकला आणि बाकीचे चार एकदम टाकले. सासूबाईंनी एकेक करत माहेर, सासर, गेलेले बाबा, नातवंडं असे चार टाकले आणि पाचवा हातात धरून म्हणाल्या हा ह्या देशाला, इथे मला म्हातारपणी कोणी परकं केलं नाही. माझा एक दाणा त्या सकाळी उभं राहून शपथ घेतली त्यासाठी होता, 2019 साली, नेवार्कला, सिटिझनशिपची.

जेवणाबद्दल लिहायलाच हवं, शेवटी रिव्ह्यू आहे. ताटं वेगळी नाहीत, मोठ्या प्लॅटर टेबलावर येतात आणि एकमेकांना द्यायच्या, घरच्यासारखं. टर्की छान, आतपर्यंत रसाळ, ब्रेस्टसुद्धा कोरडं नाही, आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात ठेवतात म्हणाले. क्रॅनबेरी सॉस डब्यातला नाही, आंबट, अख्खी फळं जाणवतात, ह्याच भागात क्रॅनबेरीचे मळे आहेत, पाण्याने भरलेल्या शेतात फळं तरंगतात ते. मॅश्ड बटाटा चांगला. रोल गरम. ग्रेव्ही पहिल्यांदा उत्तम आली आणि दुसऱ्यांदा मागितली ती पंधरा मिनिटांनी आली ती पण गार. अर्ध्यातला अर्धा स्टार तिथे गेला.

बाकीचा व्हेजमुळे गेला, आणि हे आपल्या लोकांनी नीट वाचा. बुकिंग करताना मी सांगितलं होतं की एक जण पूर्ण व्हेज, अंडंही नाही. हो हो म्हणाले. प्रत्यक्षात व्हेज म्हणून जे स्टफिंग वेगळं काढून ठेवलं होतं ते टर्कीच्या पोटात भरलेलं नव्हतं एवढंच, पण भिजवलं होतं चिकन स्टॉकमध्ये. मी विचारलं म्हणून कळलं, वेट्रेस किचनमध्ये जाऊन विचारून आली आणि खरं ते सांगितलं, तिची चूक नाही. रताळ्याच्या कॅसरोलवर मार्शमेलो असतात, त्यात जिलेटिन असतं, ते लोकांच्या लक्षात येत नाही. पायचा क्रस्ट कधीकधी चरबीत करतात, इथे बटरचा होता पण पम्प्किनच्या सारणात अंडं असतंच. म्हणजे सासूबाईंचं जेवण झालं बटाटा, बीन्स, रोल, क्रॅनबेरी. मालकांना कळल्यावर ते स्वतः आले, माफी मागितली आणि आतून इंडियन पुडिंग घेऊन आले, अंडं न घातलेलं. नावावर जाऊ नका, आपल्या इंडियाशी संबंध नाही, जुने इंग्रज मक्याच्या पिठाला इंडियन मील म्हणायचे. मक्याचं जाडसर पीठ, दूध, मोलॅसिस, आलं-दालचिनी, तासन्‌तास मंद आचेवर. सासूबाईंनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं ही काकवी घातलेली खीरच आहे." दोन वाट्या खाल्ल्या. बिलात ते लावलं नाही.

पैसे: मोठ्यांना 68 डॉलर, बारा वर्षांच्या आतल्यांना 32, टॅक्स वेगळा, आणि 20 टक्के टिप आधीच धरलेली, ती सगळी स्टाफला जाते असं बिलावरच लिहिलंय. स्वस्त नाही. पण मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट बिलाच्या वेळी कळली. मी वेट्रेसला म्हटलं, आमच्यासाठी तुला आज काम करावं लागतंय. ती म्हणाली साडेचारला किचन बंद, मग टेबलं जोडतात आणि स्टाफ, त्यांची घरची माणसं, मालकांची मुलं-नातवंडं सगळे तिथेच जेवायला बसतात, म्हणून संध्याकाळची पंगत घेतच नाहीत. संध्याकाळची पंगत म्हणजे किती पैसे सोडले असतील त्यांनी! मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्यानेच थँक्सगिव्हिंगला सुपरमार्केट आणि बहुतेक दुकानं बंद असतात, जुने नियम आहेत ते, आणि हे राज्य राजकारणात आमच्या अगदी उलट बाजूला असलं तरी ह्या एका बाबतीत मी त्यांना मनापासून मानते. सरकारने जास्त नियम करू नयेत ह्या मताची मी, पण वर्षातून एक दिवस कॅशिअरलाही घरी आईच्या हातचं मिळू दे. खरेदीसाठी ह्या दिवसाशी खेळ पूर्वीही झालाय, 1939 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी ख्रिसमसच्या खरेदीला दिवस जास्त मिळावेत म्हणून सण एक आठवडा आधी घेतला, काही राज्यांनी मानला, काहींनी नाही, दोन थँक्सगिव्हिंग झाली देशात. शेवटी 1941 मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का केला. आम्ही ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सेलला, जात नाही, टीव्ही थोडा महाग मिळाला तर मिळू दे.

बाहेर पडलो तेव्हा सव्वाचारच वाजले होते आणि सूर्य मावळत होता, समुद्रावरून वारा असा की सासूबाईंना दोन शाली. मागे काचेतून दिसत होतं, टेबलं जोडायला सुरुवात झाली होती.

जाणाऱ्यांसाठी: बुकिंग फक्त फोनवर होतं, आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केलं तेव्हा बाराची पंगत भरलेली होती. मोठी परेड आदल्या शनिवारी असते, गुरुवारी नाही, ती बघायची असेल तर तसं ठरवा. दीड तासात टेबल सोडायचं असतं हे आधी सांगत नाहीत, वेळेवर पोचा. उरलेलं घरी न्यायला डबे देत नाहीत. टेकडीवर चढायचं असेल तर वयस्कर माणसांना गाडीनेच वर न्या. पुढच्या वर्षीसाठी सहा जणांचं नाव मी तिथेच लिहून आलेय, शेजारचा मुलगा तोपर्यंत घरी आलेला असेल. आणि व्हेज असाल तर स्टफिंग कशात भिजवलंय ते फोनवरच विचारा.